हिंजवडीची टेकडी हिरवी कधी झाली?

एक सोप्पा प्रश्न विचारते. हिंजवडी, माण, मारुंजी या भागात राहणाऱ्यांनी आधी उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी आपापल्या गावच्या टेकडीचं सांगायचं. तुमच्या गॅलरीतून जी टेकडी दिसते ना, ती यंदा हिरवी कोणत्या दिवशी झाली?

"जूनमध्ये!"

अहो, जूनमध्ये तीस दिवस असतात. तारीख सांगा, तारीख!

बघा, लागलात एकमेकांची तोंडं बघायला. तुमचं काही चुकलेलं नाही. मे महिन्यात ती टेकडी तपकिरी असते, इतकी की तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मग वळीव पडतो, मग खरा पाऊस येतो, छत्र्या बाहेर निघतात, रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. अशाच एका रांगेत शाळेची बस अडकते, तुम्ही खिडकीची काच पुसून बाहेर बघता, आणि टेकडी हिरवीगार! काल अशी होती का? परवा? कोणालाच आठवत नाही.

मग विचारायचं कोणाला? कोणीतरी हात वर केला वाटतं. "उपग्रहाला!" शाब्बास. पृथ्वीचे फोटो काढणारे कितीतरी उपग्रह आपल्या डोक्यावरून जात असतात. त्यांना टेकडी हिरवी झालेली दिसत असणारच. पण गंमत पुढेच आहे. नेमकी तारीख विचारली की उपग्रहसुद्धा गडबडतो. त्याने सांगितलेली तारीख खरी की खोटी, हे ठरवायला शास्त्रज्ञ काय करतात माहीत आहे? जंगलात किंवा शेतात एक उंच खांब उभारतात आणि त्यावर एक कॅमेरा बसवून ठेवतात. शेकडो कोटी रुपयांच्या उपग्रहाचं म्हणणं तपासायला खांबावरचा एवढासा कॅमेरा!

आणि ही तारीख हवीय तरी कशाला? गवत कधी उगवलं त्यावर गुरांना चारा कधी मिळणार ते ठरतं. झाडांना पालवी कधी फुटली त्यावर फुलं, फळं, मधमाश्या आणि पक्षी यांचं वेळापत्रक ठरतं. हवामान बदलतंय असं आपण ऐकतो. त्या बदलाने हे वेळापत्रक किती सरकलं हे कळायचं, तर दरवर्षीच्या तारखा हव्यात. त्याही खात्रीच्या.

वरून काय दिसतं?

आधी उपग्रहाची बाजू ऐकून घेऊ. अमेरिकेने १९७२ साली लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह सोडला. त्याची नातवंडं, म्हणजे लँडसॅट ८ आणि ९, आज ७०५ किलोमीटर उंचीवरून फिरतात. पुण्याहून नागपूरला गाडीने जायला साधारण जेवढं अंतर पडतं, तेवढं सरळ वर! युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह आणखी वर, ७८६ किलोमीटरवर आहेत. आपल्या इस्रोचे रिसोर्ससॅट-२ आणि २ए हेही याच कामाचे. २ए हा ७ डिसेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोटाहून गेला.

हे उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना खालच्या जमिनीचे फोटो काढतात, तेही बहुधा सकाळी साडेदहाच्या आसपास. म्हणजे तुमची छोटी सुट्टी चाललेली असते तेव्हा एखादा सेंटिनेल तुमच्या शाळेच्या पटांगणावरून निघून गेलेला असतो. सांगून जात नाही, एवढंच.

उपग्रहाला पान कसं ओळखू येतं? पानात हरितद्रव्य असतं. ते सूर्यप्रकाशातला तांबडा आणि निळा रंग गिळून टाकतं आणि हिरवा त्या मानाने जास्त परत पाठवतं. म्हणून पान हिरवं दिसतं. पण पान आणखी एक प्रकाश परत पाठवतं, तोही भरपूर. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. उपग्रहाच्या कॅमेऱ्याला दिसतो.

मग शास्त्रज्ञ एक गणित करतात. समजा, हिरव्या झाडीवर पडलेल्या प्रत्येकी १०० भागांपैकी ५ भाग तांबडा आणि ४५ भाग अवरक्त प्रकाश परत आला. वजाबाकी करा: ४५ वजा ५, म्हणजे ४०. बेरीज करा: ५०. आता ४० ला ५० ने भागा. उत्तर ०.८. आता उघड्या मातीचं बघा. तांबडा २०, अवरक्त २५. वजाबाकी ५, बेरीज ४५, भागाकार जेमतेम ०.११. झाडी दाट तितका आकडा १ च्या जवळ, माती किंवा सिमेंट असेल तर शून्याच्या जवळ. (परत आलेल्या प्रकाशाचे आकडे मी समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेत, पद्धत मात्र अगदी खरी आहे.) याला वनस्पती निर्देशांक म्हणतात. सगळ्या जगाच्या हिरवळीचे नकाशे या चौथी-पाचवीच्या गणितावर उभे आहेत!

या अवरक्त प्रकाशाची आणि पुण्याची जुनी ओळख आहे. १९६२ साली पुण्यात उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था सुरू झाली. ती आज पाषाणला आहे, हिंजवडीहून फार लांब नाही. तिचे पहिले संचालक होते डॉ. पी. आर. पिशरोटी. पुढे ते अवकाश संशोधनात गेले. १९७० च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळमधल्या नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेलं आणि अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर फोटो काढले. कशासाठी? माडांना मुळांचा रोग लागला होता. रोगट झावळ्या अवरक्त प्रकाश नीट परत पाठवत नाहीत, त्यामुळे आजारी माड फोटोत वेगळे दिसले. भारतातल्या दूरसंवेदनाची, म्हणजे लांबून बघून जमिनीची माहिती मिळवण्याच्या शास्त्राची, ही सुरुवात मानतात. पिशरोटींना या शास्त्राचे भारतातले जनक म्हणतात ते यामुळेच.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण ढगांची. टेकडी हिरवी होते पावसामुळे आणि पाऊस येतो ढगांतून. म्हणजे नेमका टेकडीचा रंग पालटतो तेव्हाच वर ढगांचं छप्पर! समजा, ३ जूनला आकाश मोकळं होतं आणि उपग्रहाला टेकडी तपकिरी दिसली. त्यानंतर तो जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा खाली नुसते पांढरे ढग. जुलैत कधीतरी एक सकाळ उघडी मिळाली तर टेकडी हिरवीगार. मधल्या दिवसांत काय झालं? संगणक तपकिरी आणि हिरव्या दिवसांमध्ये एक रेघ ओढतो आणि अंदाजाने तारीख सांगतो. रेघ सुंदर असते, पण ती अंदाजाचीच.

"पण रडार ढगांतून बघतं की!" कोण बोललं? बरोबर बोललात. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासा यांनी मिळून सोडलेला निसार उपग्रह रडारचाच आहे. त्याला ना ढग अडवतात, ना रात्र. दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. जमीन किती सरकली, माती किती ओली आहे, झाडोरा किती दाट आहे, हे तो ओळखतो. पण रडारला रंग कळत नाही. पान पोपटी की तांबूस, हे त्याला विचारून उपयोग नाही.

दुसरी अडचण चौकोनांची. उपग्रहाचा फोटो छोट्या छोट्या चौकोनांचा बनलेला असतो आणि एका चौकोनाला एकच रंग मिळतो. सेंटिनेल-२ चा चौकोन १० मीटरचा आहे, लँडसॅटचा ३० मीटरचा. टेरा नावाचा उपग्रह १९९९ साली गेला. त्याच्यावरचा मोडिस कॅमेरा जवळजवळ रोज सगळ्या पृथ्वीवर नजर फिरवतो, पण त्याचा सगळ्यात बारीक चौकोन २५० मीटरचा. म्हणजे पंधरा एकर!

आता हिंजवडीतली पंधरा एकर जागा डोळ्यांसमोर आणा. एक काचेची इमारत, गाड्यांचा तळ, वर्षभर पाणी मारून हिरवी ठेवलेली हिरवळ, कडेला पर्जन्यवृक्षांची रांग, पलीकडे टेकडीचा उतार आणि त्यावरचं गवत. हे सगळं एकाच चौकोनात. आई मिक्सरमध्ये कोथिंबीर, खोबरं, मिरची, डाळं फिरवते आणि चटणीला एकच रंग येतो, तसं होतं. चटणीकडे नुसतं बघून खोबरं किती पडलंय ते सांगता येईल का? तसंच त्या चौकोनाचा आकडा वाढला, तर गवत उगवलं, झाडाला पालवी फुटली की माळीदादांनी हिरवळ वाढवली, हे उपग्रहाला सांगता येत नाही.

आणि चौकोन बारीक हवा असेल तर उपग्रह रोज येत नाही. सेंटिनेलची जोडी एका जागी पाच दिवसांनी येते, लँडसॅटची जोडी आठ दिवसांनी. बारीक बघणारा क्वचित येतो, वारंवार येणारा ढोबळ बघतो. दोन्ही एकदम मिळणं अवघड.

तिसरी अडचण मधल्या हवेची. जमिनीवरून परत जाणारा प्रकाश धूळ, धूर, बाष्प यांतून वाट काढत वर पोचतो. शिवाय सूर्य कधी डोक्यावर असतो, कधी कलता. झाडांच्या सावल्या लांबतात, आखडतात. पान तेच असलं, तरी वरून दिसणारा आकडा बदलतो.

तीन अडचणी झाल्या. आता खांबावर चढू.

खांबावरचा कॅमेरा

जपानमध्ये २००३ सालापासून काही शास्त्रज्ञ जंगलातल्या मनोऱ्यांवर कॅमेरे लावून झाडांच्या ऋतूंवर नजर ठेवू लागले. अमेरिकेत २००८ साली अँड्र्यू रिचर्डसन या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे एकमेकांशी जोडून एक जाळं उभारलं. त्याचं नाव फेनोकॅम. सुरुवात ईशान्य अमेरिकेतल्या जंगलांपासून झाली. आता तिथली शेतं, कुरणं, वाळवंटं, दलदली धरून शेकडो ठिकाणी हे कॅमेरे आहेत.

यातला कॅमेरा बहुधा काही भारी नसतो. इमारतीच्या फाटकावर लावतात ना, साधारण त्याच जातीचा. त्याचं कामही एकच. दिवसभर दर अर्ध्या तासाने एक फोटो काढायचा आणि पाठवून द्यायचा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, आणि पुन्हा उन्हाळा. तोंड वळवायचं नाही, जागा सोडायची नाही, सुट्टी घ्यायची नाही.

त्याचं बळ यातच आहे. तो ढगांच्या खाली असतो, त्यामुळे भर पावसाळ्यातसुद्धा त्याला झाडं दिसतात. तो जवळ असतो, त्यामुळे गवत वेगळं आणि झाड वेगळं दिसतं. तो रोज तिथेच असतो, त्यामुळे "कधी?" या प्रश्नाला तो तारखेने उत्तर देतो. उपग्रहाला जे जमत नाही, नेमकं तेच याला जमतं.

आणि याला जे जमत नाही ते उपग्रहाला जमतं. हा कॅमेरा एवढासा तुकडा बघतो आणि उपग्रह अख्खी पृथ्वी. सगळ्या पृथ्वीवर खांब कोण रोवणार? म्हणून शास्त्रज्ञ काय करतात? काही निवडक जागी कॅमेरा आणि उपग्रह यांची उत्तरं शेजारी शेजारी ठेवतात. तारखा जुळल्या, तर जिथे कॅमेरा नाही अशा जागांबद्दलही उपग्रहावर विश्वास ठेवायला हरकत नाही. नाही जुळल्या, तर चूक कुठे झाली ते शोधायचं आणि गणित सुधारायचं.

फोटोतून आकडा कसा निघतो?

"मॅडम, फोटो म्हणजे चित्र. उपग्रह देतो आकडा. दोघांची तुलना कशी करायची?" हा प्रश्न कोणीतरी विचारणारच होतं!

मोबाईलवरचा कोणताही फोटो खूप मोठा करून बघा. बारीक बारीक ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपक्यात तीन आकडे लपलेले असतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांच्या मधला. हिरव्याच्या आकड्याला तिन्हींच्या बेरजेने भागायचं. झालं!

समजा, वाळलेल्या गवताचा ठिपका असा आहे: तांबडा १५०, हिरवा १३०, निळा ९०. बेरीज ३७०. १३० भागिले ३७०, उत्तर ०.३५. पावसानंतर त्याच जागेचा ठिपका असा: तांबडा ९०, हिरवा ११०, निळा ६०. बेरीज २६०. ११० भागिले २६०, उत्तर ०.४२. आणि राखाडी भिंतीचं? तिच्यात तिन्ही रंग सारखेच, म्हणून उत्तर ०.३३.

एक हुशारी लक्षात आली का? पावसानंतरच्या फोटोत हिरव्याचा आकडा १३० वरून ११० वर उतरला होता. नुसता हिरवा आकडा बघितला असता, तर "हिरवळ कमी झाली" असं आपण म्हटलं असतं. भागाकार केला म्हणून वाचलो. आता समजा सूर्यापुढे ढग आला आणि तिन्ही रंग निम्मे झाले: ४५, ५५, ३०. करा भागाकार. ५५ भागिले १३०. पुन्हा ०.४२! अंधारून आलं तरी उत्तर हललं नाही. म्हणून या कामात नेहमी भागाकार वापरतात.

असे रोजचे आकडे आलेख-कागदावर मांडत गेलं की एक रेघ तयार होते. आधी सपाट, मग चढ, मग माथा, मग उतार. चढ जिथे सुरू होतो, ती आपली तारीख.

पण कॅमेराही फसतो बरं का!

कॅमेऱ्याच्या भिंगावर पावसाचे थेंब बसतात. कोळी जाळं विणतो. वाऱ्याने खांब जरासा कलला, तर कालपर्यंत जिथे झाड होतं तिथे आज आकाश येतं आणि आकडे धडाधड कोसळतात. आपल्याला वाटावं, जंगलच गेलं!

कॅमेऱ्याची आणखी एक खोड आहे. फोटो छान दिसावा म्हणून तो रंग स्वतःच दुरुस्त करतो. फार हिरवं दिसलं की जरा तांबडं वाढवतो. लग्नाच्या फोटोला हे ठीक, शास्त्राला नाही. म्हणून फेनोकॅमवाले ही आपोआप रंग सुधारण्याची सोय बंदच करून टाकतात. शिवाय अमेरिकेत ते कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला ठेवतात. तिथे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेच्या बाजूला असतो, त्यामुळे भिंगात ऊन शिरत नाही.

कॅमेरा आणि उपग्रह यांची नजरही वेगळी असते. उपग्रह वरून खाली बघतो, त्याला झाडांच्या मधली जमीन दिसते. कॅमेरा तिरका बघतो, त्याला झाडांचे शेंडे एकमेकांना चिकटलेले दिसतात. म्हणून दोघांची तारीख जुळली नाही, तर लगेच उपग्रहाचा कान धरायचा नाही. दोघं एकाच गोष्टीकडे बघतायत ना, हे आधी तपासायचं.

अॅमेझॉनचं मोठं भांडण

आता एक खरीखुरी हकिगत. दक्षिण अमेरिकेतलं अॅमेझॉनचं जंगल वर्षभर हिरवं. २००६ साली काही शास्त्रज्ञांनी मोडिसचे आकडे बघून जाहीर केलं, की कोरड्या हंगामात, म्हणजे पाऊस कमी असताना, हे जंगल जास्त हिरवं होतं! सगळे चक्रावले. पाऊस नसताना हिरवं? आपल्याकडे तर उलट होतं.

२०१४ साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, जंगल हिरवं होत नाही, तुम्हाला तसा भास होतोय. कोरड्या हंगामात सूर्य आणि उपग्रह यांच्या जागा अशा येतात, की उपग्रहाला झाडांच्या सावल्या कमी दिसतात. सावली कमी, म्हणून आकडा जास्त. वर सांगितलेली तिसरी अडचण आठवली ना? तीच ही.

खरं कोणाचं? उपग्रहालाच पुन्हा विचारून उपयोग नव्हता. साक्षीदार जमिनीवरचाच हवा होता. ब्राझीलच्या जंगलात झाडांच्याही वर जाणारे उंच मनोरे आहेत. त्यांच्यावरच्या कॅमेऱ्यांनी झाडांच्या शेंड्यांचे फोटो काढले होते, महिनोन् महिने, त्याच जागेवरून. शास्त्रज्ञांनी एकेका झाडाचा माथा तपासला. फोटोत स्पष्ट दिसलं, की कोरड्या हंगामात बरीच झाडं जुनी पानं टाकतात आणि कोवळी पानं काढतात. त्या दिवसांत ढग कमी, ऊन भरपूर, आणि कोवळी पानं जुन्यांपेक्षा जोमाने अन्न तयार करतात. २०१६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

म्हणजे जंगल खरंच ताजंतवानं होत होतं. आणि सावल्यांचा आक्षेप? तोही खोटा नव्हता. सूर्याच्या जागेचा हिशोब आकड्यांत धरायलाच हवा, हे त्यामुळे सगळ्यांना पटलं. दहा वर्षं चाललेल्या वादात शेवटी मनोऱ्यावरच्या कॅमेऱ्यांची साक्ष कामी आली.

चैत्रातलं तांबडं कोडं

आता आपल्या सह्याद्रीकडे या. इथे तर टेकडी वर्षातून दोनदा हिरवी होते! विश्वास नाही बसत?

चैत्री पौर्णिमेला हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघतं. ऊन असं की पाय भाजावेत. गवताचं नावनिशाण नसतं, असलीच तर पिवळी कुसळं. पण झाडांकडे बघा. पिंपळाला तांबूस, चकचकीत पानं फुटलेली असतात. आंब्याला तपकिरी-तांबडी पालवी असते. पाऊस यायला अजून दोन महिने आहेत, तरी झाडांनी नवे कपडे घातले! हीच आपली चैत्रपालवी. झाडांची मुळं खोल असतात, त्यांना खालचं पाणी मिळतं. गवताची मुळं वरवर असतात, त्याला पावसाची वाट बघावी लागते. म्हणून झाडांची हिरवाई चैत्रात आणि गवताची ज्येष्ठ-आषाढात. उपग्रहाच्या एका चौकोनात मात्र झाड आणि गवत दोन्ही. तो कुठली तारीख सांगणार?

आणि कुसुंबाचं झाड तर सगळ्यांचीच फजिती करतं. काही जण त्याला कोशिंब म्हणतात. त्याची कोवळी पानं लालभडक असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं झाड फुललंय. समजा, त्या पानाचे आकडे असे: तांबडा १६०, हिरवा ९०, निळा ७०. करा भागाकार. ०.२८! म्हणजे झाड पानांनी भरलेलं आणि हिरवेपणाचा आकडा राखाडी भिंतीपेक्षाही कमी. उपग्रहही इथे अडखळू शकतो, कारण ही पानं तांबडा प्रकाश गिळण्याऐवजी परत पाठवतात.

मग कोडं सुटतं कसं? फोटो उघडून माणसाने डोळ्यांनी बघायचं. "अरे, ही तर पालवी!" हे त्याला एका क्षणात कळतं. म्हणून शास्त्रज्ञ नुसते आकडे ठेवत नाहीत, फोटोही जपून ठेवतात.

शेतकऱ्याच्या खिशातला कॅमेरा

जमिनीवरचा फोटो किती उपयोगी, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनाही माहीत आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच्या शेतात उभा राहतो, मोबाईलमधलं अॅप उघडतो, कोणतं पीक लावलंय ते नोंदवतो आणि पिकाचा फोटो काढतो. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही जातात आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर लागते. हे काम मुळात सातबाऱ्यासाठीचं आहे. पण विचार करा, जुलै महिन्यात वरून बघताना सोयाबीनही हिरवं, उडीदही हिरवा, भुईमूगही हिरवा. कोणतं शेत कशाचं, हे नुसतं वरून ओळखणं सोपं नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून पिकांचे नकाशे करणाऱ्यांना नेमके असेच फोटो लागतात, ज्यांच्यावर जागा आणि तारीख दोन्ही असतात. जागा नाही, तारीख नाही, असा फोटो कितीही देखणा असो, या कामात त्याची किंमत शून्य.

करून बघा

आता तुमची पाळी. हिंजवडीत उंच इमारतींची काही कमी नाही. बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या मुलाकडे खांब नसला तरी खिडकी आहेच. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी समोरचं एक झाड निवडायचं. गावात राहणाऱ्यांनी बांधावरचा गवताचा तुकडा निवडला तर फारच उत्तम.

१. जागा ठरवा. मोबाईल दरवेळी नेमका तिथेच ठेवता यावा म्हणून खिडकीच्या कठड्यावर चिकटपट्टीने खूण करा. खिडकीबाहेर वाकायचं नाही. गॅलरीत मोठं माणूस सोबत हवं.

२. वेळ ठरवा. दुपारी साडेबारा उत्तम. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो, त्यामुळे खिडकीचं तोंड कुठेही असलं तरी भिंगात ऊन शिरत नाही. शाळा असेल त्या दिवशी आजी-आजोबांना कामाला लावा. ते तुमच्यापेक्षा वक्तशीर असतात.

३. फोटोत टेकडीबरोबर एखादी राखाडी किंवा पांढरी भिंत येऊ द्या. भिंतीचा रंग काही रोज बदलत नाही. तिचा आकडा ०.३३ च्या आसपास असायला हवा. तो बदलला, तर समजा मोबाईलने रंगांत लुडबुड केली. तो फोटो बाजूला ठेवा.

४. फोटो काढताना झूम करू नका, फिल्टर लावू नका, सजवू नका. आहे तसा ठेवा.

५. फोटोतल्या ठिपक्यांचे तांबडा, हिरवा, निळा असे आकडे दाखवणारी साधी अॅप असतात. टेकडीवरचे दहा ठिपके निवडा. दररोज तेच दहा. दहाही उत्तरांची सरासरी काढा. लहान भावंडांना भागाकार येत नसेल, तर त्यांनी रंगपेटीतल्या तपकिरीपासून हिरव्यापर्यंतच्या पाच छटा कागदावर रंगवून घ्याव्यात आणि रोज टेकडीला १ ते ५ मधला एक क्रमांक द्यावा.

६. वहीत चार रकाने आखा: तारीख, आकडा, आकाश कसं होतं, पाऊस पडला का. एखादा दिवस चुकला तर रकाना कोरा सोडा. मनाने आकडा भरायचा नाही. तो सगळ्यात मोठा गुन्हा!

पावसाळा संपल्यावर मोठ्यांच्या मदतीने उपग्रहाची चित्रं बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २००९ साली सुरू केलेलं 'भुवन' सगळ्यांसाठी खुलं आहे. सेंटिनेलची तारखेनुसार काढलेली चित्रंही फुकट मिळतात. तुमची टेकडी शोधा. जून आणि जुलैत किती चित्रं नुसत्या ढगांची आहेत ते मोजा. त्या ढगाळ दिवसांतले तुमच्या वहीतले आकडे बघा. उपग्रहाकडे जे नाही ते तुमच्याकडे असेल!

एक फोटो म्हणजे नुसता फोटो. त्याच जागेवरून, त्याच वेळी, रोज काढलेले शंभर फोटो म्हणजे मोजमाप. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, चिकाटी लागते.

तेव्हा पाऊस सुरू व्हायची वाट बघू नका, कारण तपकिरी टेकडीचे फोटो नसतील तर हिरवी कधी झाली ते कळणारच नाही. पहिला फोटो १५ मेला काढा. आणि पुढच्या वर्षी कोणी विचारलं, "टेकडी हिरवी कधी झाली?" तर "जूनमध्ये" असं मोघम सांगू नका. वही उघडा आणि तारीख सांगा.